कर्णा, पेन ड्राइव्ह आणि तीन सॉफ्टवेअर

सकाळी ८
शटर वर केलं की पहिली नजर इन्व्हर्टरकडे. घोटीत पाऊस धो धो चाललाय, आजूबाजूच्या गावांत भाताची आवणी ऐन भरात आहे आणि लाइटचा भरवसा नाही. दुकान झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि रेकॉर्डिंगचं. आज एक जादा काम आहे. एका आश्रमशाळेच्या मॅडमना शाळेच्या डेस्कटॉपवर रेकॉर्डिंगचं साधं सॉफ्टवेअर टाकून हवंय. पालकसभेला आलेल्या आज्यांकडून मुलं जात्यावरच्या ओव्या आणि आवणीची गाणी म्हणवून घेणार आहेत. मॅडम पाचला येतील. तोवर दुकानाच्या रोजच्या कामावरच तीन सॉफ्टवेअर घासून बघायची.

सकाळी ९.३०
उद्या आठवडे बाजार, म्हणून ताडपत्रीवाल्या शेठना रिक्षावर फिरवायला जाहिरात हवी. सुरुवात विंडोज १० मधल्या व्हॉइस रेकॉर्डरने. एकच बटण, शिकवायला काही नाही. पण छाटणी होते ती फक्त पुढची आणि मागची; मध्येच शेठ खोकले तर तो खोकला तसाच राहतो. शिवाय फाइल एम-४-ए निघते आणि रिक्षातल्या अ‍ॅम्प्लिफायरला पेन ड्राइव्हवरची एमपी-३ लागते. म्हणजे बदलून घेण्याचा उपद्व्याप आलाच.

सकाळी ११
तीच जाहिरात ओशनऑडिओत उघडली. हे ब्राझीलमध्ये तयार झालेलं, फुकट. इफेक्ट लावण्याआधीच तो कसा वाटेल हे ऐकत ऐकत खुंटी फिरवता येते, हा याचा मोठा गुण. कर्ण्याला खर्ज वाजवता येत नाही. आवाज नुसता घुमतो आणि शब्द कळत नाहीत. म्हणून खालचे सूर कापले, स्टिरिओचं मोनो केलं, खोकला काढला. “भाव दोनदा सांगा, दुकानाचं नाव तीनदा,” शेठ म्हणाले. कॉपी-पेस्ट, एमपी-३, पेन ड्राइव्ह. शेठ खूश. कापाकापीला याच्याइतकं सुटसुटीत दुसरं नाही. अडचण एकच: एका आवाजाखाली दुसरा वेगळा ट्रॅक ठेवण्याची सोय यात नाही.

दुपारी १.३०
डबा खाऊन झाल्यावर खरी परीक्षा. तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ऑडॅसिटीत, रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि कॉम्प्युटरचं बटण भिंतीवरूनच बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर ऑडॅसिटीने अपुरं राहिलेलं काम परत आणायचं का, असं विचारलं. हो म्हटलं, तर शेवटचे काही क्षण सोडून सगळं जागेवर. रेकॉर्डिंग चालू असतानाच ते डिस्कवर लिहीत जातं, म्हणून हे जमतं. एम-४-ए फाइलची अनुक्रमणिका मात्र सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. त्याआधीच मशीन बंद पडलं, तर फाइल बहुधा उघडतच नाही. आमच्या भागातल्या शाळेसाठी निम्मा निकाल इथेच लागला.

दुपारी ३
भजनी मंडळ आलं. पेटी एका ट्रॅकवर, गाणं दुसऱ्यावर. हे कामही ऑडॅसिटीचंच. पत्र्यावर पाऊस वाजत होता. “तो मशीनमधून काढता येतो ना?” बुवांनी विचारलं. पंख्याची एकसुरी घरघर निघते. आधी नुसत्या घरघरीचा नमुना द्यायचा, मग ती सगळीकडून वजा करायची. कमीजास्त होणारा पाऊस असा वजा करायला गेलं, की गळाही पाण्याखाली गेल्यासारखा येतो. सर ओसरेपर्यंत चहा मागवला. मग पातळी लावली: सगळ्यात वरचा सूरही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, एवढीच. आवाज कमी आला तर नंतर वाढवता येतो. फाटला तर तो धड होत नाही.

संध्याकाळी ५
मॅडम भिजत आल्या. “दादा, फुकट म्हणता, मग पुढे पैसे मागतील का?” सांगितलं, की ऑडॅसिटी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं, २००० मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपने ते घेतलं, तरी मुक्त परवान्यामुळे त्याचा कोड आजही उघडा आहे. भाषांच्या यादीत मराठीही आहे. बाकीच्या सॉफ्टवेअरपैकी रीपर दमदार खरं, पण ६० दिवसांच्या चाचणीनंतर विकत घ्यायचं. गॅरेजबँडला मॅक लागतो, तो प्रश्नच नाही.

मॅडमना हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांचं ओव्यांचं काम ठाऊक होतं. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी लाखावर ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारणीचं आणि गावाचं नाव आहे. म्हणून पहिला नियम ठरला: आजीने आधी आपलं नाव आणि गाव सांगायचं, मग ओवी. दुसरा: नवी ओवी सुरू झाली की मुलाने कंट्रोल-एम दाबून खूण करायची, म्हणजे तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये शोधाशोध नको. तिसरा: मूळ प्रत वेव्ह फाइलमध्येच ठेवायची. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो धरलं तर तासाला साधारण ३१८ एमबी. १२८ केबीपीएसची एमपी-३ तासाला ५८ एमबीच्या आसपास; ती फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर वाटायला.

“आणि ते ब्राझीलचं?” तेही टाकून देतो म्हटलं. ओव्या तोडून वेगळ्या करायला मुलांना ते सोपं जाईल.

संध्याकाळी ७
दोन्ही सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, कारण शाळेत नेटची खात्री नाही. यूएसबी माइक, लांब केबल आणि एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत टाकला. ऑडॅसिटीतले न लागणारे टूलबार तिथे गेल्यावर बंद करीन. मुलांसमोर रेकॉर्ड, थांबा आणि ऐका एवढंच राहू दे. मॅडमना मेसेज टाकला: खोली कौलाची निवडा, पत्र्याची नको.