जाड प्लेट, लहान यंत्र आणि फसवा सांधा

दिसायला सुबक आणि सलग असलेला वेल्डिंगचा सांधा आतून पूर्णपणे सुटा असू शकतो. घरगुती वापराच्या लहान यंत्राने जाड पोलादी प्लेट जोडताना हा धोका सर्वाधिक असतो. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर चालणारी, तार आपोआप पुढे सरकवणारी यंत्रे आता सहज मिळतात. वर्कशॉपमध्ये ‘मिग’ किंवा ‘सीओटू मशीन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचीच ही धाकटी भावंडे. खिडकीची जाळी, पत्र्याचा दरवाजा, लोखंडी मांडणी अशी कामे ती उत्तम करतात. मात्र ६ किंवा १० मिलिमीटर जाडीची प्लेट समोर आली, की हिशेब बदलतो.

चिकटणे आणि एकरूप होणे

भांड्याला कथलाचा डाग देताना भांडे वितळत नाही. वितळलेले कथील त्याच्या पृष्ठभागाला धरून बसते. वेल्डिंगचे तत्त्व याहून निराळे आहे. येथे जोडायच्या दोन्ही तुकड्यांच्या कडा आणि वरून घातलेला धातू हे तिन्ही एकाच वेळी वितळून एकरूप व्हावे लागतात. सौम्य पोलाद साधारण १,५०० अंश सेल्सिअसला वितळते. प्लेटची कड त्या तापमानाला पोहोचलीच नाही, तर तारेचा वितळलेला धातू तिच्यावर केवळ पसरतो आणि थिजतो. तयार होतो तो सांध्याचा आभास.

उष्णतेचा हिशेब

लहान यंत्र १४० अँपिअर प्रवाह आणि सुमारे २१ व्होल्ट दाब देते असे धरले, तर त्याची शक्ती जेमतेम ३,००० वॉट भरते. न्हाणीघरातील मोठा गिझरही एवढी वीज घेतो. ही शक्ती एका बिंदूवर एकवटत असल्याने पोलाद वितळते खरे. पण प्लेट जितकी जाड, तितकी ती त्या बिंदूपासून उष्णता दूर ओढून नेते. पातळ पत्र्यात उष्णतेला केवळ आडवे पसरता येते, जाड प्लेटमध्ये ती खोलवरही शिरते. मंद आचेवर पातळ तवा चटकन तापतो आणि बिडाचा जाड तवा थंडच राहतो, त्यातलाच हा प्रकार.

कारागिरांचा एक ठोकताळा असा आहे, की एकाच थरात काम उरकायचे तर प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे सुमारे ४० अँपिअर लागतात. म्हणजे ३ मिलिमीटरला १२० आणि ६ मिलिमीटरला २४०. हा ठोकताळा साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच वापरला जातो. त्यापुढे जाड प्लेट थराथरानेच जोडतात. १४० अँपिअरच्या यंत्राला मात्र ही थरांची वाट ६ मिलिमीटरच्या आधीच धरावी लागते.

तार वितळते, प्लेट नाही

वायर-फीड यंत्राची खुबी आणि खोड एकच आहे. बटण दाबले, की ०.८ मिलिमीटरची बारीक तार अखंड पुढे येते आणि वितळत राहते. खालची प्लेट वितळते आहे की नाही, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. कमी दाबावर तारेचे टोक सेकंदाला २० ते २०० वेळा प्लेटला टेकते, दरवेळी शॉर्ट सर्किट होऊन धातूचा थेंब खाली उतरतो. या पद्धतीत उष्णता कमी लागत असल्याने पातळ पत्रा जळत नाही. तोच गुण जाड प्लेटवर दोष ठरतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या पोलादी बांधकामविषयक ‘डी १.१’ संहितेत पूर्वमान्य पद्धतींमध्ये या प्रकाराला स्थान नाही. तो वापरायचा, तर चाचण्या घेऊन ती पद्धत आधी सिद्ध करावी लागते.

झाकलेला दोष किती महाग पडू शकतो, हे १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिस परिसरात झालेल्या नॉर्थरिज भूकंपाने दाखवले. तेथे यंत्रे मोठी होती आणि कारागीर व्यावसायिक होते. पोलादी सांगाड्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, म्हणून सुरुवातीला कोणाला शंकाही आली नाही. नंतर आवरणे काढून पाहिल्यावर शंभराहून अधिक इमारतींत तुळई आणि खांब यांच्या वेल्डिंगच्या सांध्यांत तडे आढळले. वेल्डच्या धातूतील चिवटपणाचा अभाव, सांध्याची रचना आणि आधारपट्टीमागे दडलेले, नीट न वितळलेले मूळ ही त्याची प्रमुख कारणे होती.

लहान यंत्राने काय साधता येते?

उपाय मुख्यतः पूर्वतयारीत आहे. एकाच जाड थराचा आग्रह सोडून दोन्ही प्लेटच्या कडा ग्राइंडरने सुमारे ३० अंशांत उतरत्या कराव्यात, म्हणजे मध्ये ६० अंशांची ‘व्ही’ आकाराची खाच तयार होते. तळाशी दीड ते दोन मिलिमीटरची कड आणि दोन ते तीन मिलिमीटरची फट ठेवावी. आता यंत्रापुढे १० मिलिमीटर जाडीचे आव्हान उरत नाही. ही खाच अनेक लहान थरांनी भरायची असते. मात्र प्रत्येक थर खालच्या थरात आणि बाजूच्या भिंतींत वितळलाच पाहिजे. प्लेटवरील काळी पापडी, गंज आणि रंग घासून चकचकीत धातू उघडा करणेही तितकेच आवश्यक आहे.

प्लेट आधी गॅसच्या ज्योतीने १०० अंशांच्या आसपास तापवली, तर ओलावा जातो आणि सुरुवातीच्या थराची उष्णता चटकन शोषली जात नाही. वेल्डची सुरुवात नेहमी सर्वांत थंड असते. म्हणून सांध्याच्या दोन्ही टोकांना जादा तुकडे टॅक करून सुरुवात आणि शेवट त्यांच्यावर करावा, नंतर ते कापून टाकावेत. उभ्या सांध्यात वरून खाली येणे सोपे वाटते. जाड प्लेटवर मात्र खालून वर जावे.

तारेची निवडही महत्त्वाची. पोटात फ्लक्स भरलेली, गॅसविना चालणारी तार त्याच यंत्रावर साध्या तारेपेक्षा सहसा अधिक खोल शिरते. तिच्यासाठी टॉर्च बहुधा ऋण टोकाला जोडावा लागतो, तर गॅसवर चालणाऱ्या भरीव तारेसाठी धन टोकाला. तार बदलून जोडणी तशीच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. रिळावरील वर्गही वाचावा. ‘ई ७१ टी-जीएस’ ही तार केवळ एका थरासाठी असते. थरावर थर देण्यासाठी ‘ई ७१ टी-११’ वर्गाची तार घ्यावी आणि प्रत्येक थरानंतर स्लॅग ठोकून, तारेच्या ब्रशने घासून काढावा. यंत्रात साध्या रॉडची सोय असल्यास ३.१५ मिलिमीटरचा रॉड ९० ते १३० अँपिअरवर चालतो आणि जाड प्लेटवर अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो.

यंत्राची दमछाकही ध्यानात ठेवावी. २० टक्के ‘ड्यूटी सायकल’ याचा अर्थ पूर्ण प्रवाहावर दहा मिनिटांत दोन मिनिटे काम आणि आठ मिनिटे विश्रांती. लांब व बारीक एक्स्टेन्शन वायरमध्ये दाब घसरतो आणि आधीच कमी असलेली उष्णता आणखी घटते.

आधी तोडून पाहावे

वरून पाहून सांध्याची खात्री पटत नाही. म्हणून त्याच जाडीचे दोन तुकडे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे एका बाजूने जोडावेत, पूर्ण थंड झाल्यावर शिकंज्यात धरून हातोड्याने वेल्डच्याच बाजूला वाकवावेत आणि सांधा तुटेपर्यंत ठोकावे. तुटलेल्या जागी सर्वत्र दाणेदार, फाटलेला धातू दिसला, तर एकजीवता साधली आहे. प्लेटवर ग्राइंडरच्या मूळ रेघा जशाच्या तशा दिसल्या, तर तेथे काहीच वितळलेले नव्हते. तुकडा न तुटता वाकत गेला, तर ते सर्वांत चांगले लक्षण.

ही चाचणी पार पडली, तरी कामाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. वर्कशॉपचे टेबल, कुंड्यांचा कठडा किंवा ऐरणीचा पाया फसला, तर नुकसान मर्यादित असते. एक हजार लिटरची पाण्याची टाकी मात्र भरल्यावर एक टन वजनाची होते. तिचा सांगाडा, गॅलरीचा आधार, वाहनाची चासी किंवा वजन उचलण्याचा हूक यांच्या सांध्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. अशी कामे पुरेशा क्षमतेचे यंत्र असलेल्या प्रशिक्षित वेल्डरकडेच सोपवावीत. गाडीच्या जुन्या पाट्यांसारखे अधिक कार्बनचे पोलाद घरी जोडूच नये; ते झपाट्याने थंड होताना ठिसूळ होते आणि तडा काही तासांनीही जाऊ शकतो.

लहान यंत्र जाड प्लेट जोडू शकते, पण यंत्राची उणीव कारागिराने ग्राइंडर, वेळ आणि चाचणी यांनी भरून काढावी लागते. जेथे ही चाचणी घेणे शक्य नाही, तेथे त्या सांध्यावर भार न टाकणेच शहाणपणाचे.