प्रमाणपत्राची मुदत संपली. पडताळणी बंद करणे हा उपाय नव्हे

सीतापुरा (जयपूर) : रत्ने-दागिने आणि तयार कपड्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रात माहिती तंत्रज्ञान कंपन्याही आहेत. अशा कंपन्यांत नवे सॉफ्टवेअर ग्राहकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी अंतर्गत सर्व्हरवर तपासले जाते. त्या सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली की चाचणी अडते. अशा वेळी प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करण्याचा मोह होतो आणि धोका तेथूनच सुरू होतो.

जोडणी करताना संगणक सर्व्हरचे नाव, प्रमाणपत्र देणारी संस्था आणि मुदत या तिन्ही बाबी तपासतो. पडताळणी बंद केल्यास केवळ मुदतीकडे नव्हे, तर तिन्हींकडे दुर्लक्ष होते. नेटवर्कमध्ये शिरलेली त्रयस्थ व्यक्ती बनावट प्रमाणपत्राच्या आधारे पासवर्ड वाचू शकते. शिवाय चाचणीपुरती केलेली ही तडजोड नजरचुकीने प्रत्यक्ष सेवेतही जाऊ शकते.

मुदतीकडे झालेले दुर्लक्ष किती महागात पडते, हे जगाने पाहिले आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील प्रमाणपत्राची मुदत संपल्याने ब्रिटन व जपानमधील कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल सेवा विस्कळीत झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्समध्ये २०१७ साली देखरेख यंत्रणेचे प्रमाणपत्र कालबाह्य असल्याने सायबर हल्ला ७६ दिवस लक्षात आला नाही.

यावर सुरक्षित मार्ग म्हणजे मुदत संपलेले प्रमाणपत्र नव्याने घेणे. अंतर्गत सर्व्हरसाठी कंपनी स्वतःची प्रमाणन व्यवस्था उभारू शकते. तिचे मूळ प्रमाणपत्र केवळ चाचणीच्या संगणकांवर विश्वासार्ह म्हणून नोंदवल्यास पडताळणी सुरू ठेवूनच काम करता येते. मात्र त्या व्यवस्थेची गुप्त कळ काटेकोरपणे जपावी लागते. कालबाह्य प्रमाणपत्राची चाचणीही स्वतंत्रपणे घ्यावी. तेथे जोडणी नाकारली जाणे हेच यश असते.

सार्वजनिक संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवण्याचा निर्णय 'सीए/ब्राउझर फोरम'ने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. त्यानुसार ३९८ दिवसांची मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. कंपन्यांच्या अंतर्गत प्रमाणपत्रांना हा नियम बंधनकारक नाही. तथापि, इतक्या कमी मुदतीत हाताने नूतनीकरण करत राहणे कठीण असल्याने सर्व प्रमाणपत्रांची नोंदवही, मुदतपूर्व सूचना आणि स्वयंचलित नूतनीकरण यांची सवय चाचणी सर्व्हरपासूनच लावणे हिताचे ठरेल.