घर पाडलं, सामान बांधलं. खरड्याची खोकी मात्र फेकू नका

बांधकामाच्या चार-सहा महिन्यांत कागदकाम कसं चालू ठेवायचं, आणि त्यातून नव्या घराचाच फायदा कसा करून घ्यायचा

केळझर (ता. सेलू) : उन्हाळा लागला की गावोगाव एकच लगबग असते. कवेलू उतरवायचे, मातीच्या भिंती पाडायच्या आणि मिरगाच्या आत स्लॅब टाकायचा. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे ओळखलं जाणारं केळझर असो की आजूबाजूची खेडी, घरकुलाचं किंवा स्वतःच्या पैशाचं बांधकाम निघालं की घरातली माणसं टिनाच्या शेडमध्ये, भावाच्या छपरीत नाहीतर भाड्याच्या एका खोलीत जातात. सामान चुंगड्यांत आणि खोक्यांत बंद होतं. चार महिने म्हणता म्हणता सहा होतात, कारण हप्ता येतो तेव्हा रेती नसते आणि रेती येते तेव्हा मिस्त्री नसतो.

या घाईत सगळ्यात आधी बंद पडतं ते हाताचं काम. पोरीनं वर्षभर जमवलेलं रुखवत, पोरांचे कंदील, आजीची लगद्याची टोपली, शाळेचा प्रकल्प, हे सगळं "कचरा आहे" म्हणून फेकलं जातं किंवा ओल्या जमिनीवर पडून सडतं. पोरं मग दिवसभर रेतीच्या ढिगावर नाहीतर मोबाईलवर. खरं म्हणजे घर हलवताना जितका कागद आणि खरडा घरात येतो, तितका एरवी वर्षभरात येत नाही. टाइल्सची खोकी, पंख्याचं खोकं, भांडी गुंडाळलेली रद्दी, सगळं फुकटचं.

बापूंचं घर हललं तेव्हा

कागद वाया न घालवण्याची गोष्ट वर्धा जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. १९३४ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याला आले, ते जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत राहिले. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव मगनवाडी पडलं. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली इथं तेलघाणी, मधमाशीपालन अशा उद्योगांसोबत हातकागदाचं कामही चाललं. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही हातकागदाची जुनी ठिकाणं. मगनवाडीनं तीच कला खेड्यातला रोजगार म्हणून पुन्हा हाती घेतली. जुना कागद, चिंध्या भिजवून कुटायच्या, लगदा करायचा, जाळीवर उचलायचा, वाळवायचा. यंत्र नाही, बॉयलर नाही.

३० एप्रिल १९३६ ला, ऐन उन्हाळ्यात, बापू मगनवाडी सोडून सेगावला राहायला गेले. हेच पुढचं सेवाग्राम. सुरुवातीला आदी निवासाच्या एकाच छपराखाली बापू, बा, सोबती आणि पाहुणे असे सगळे. नंतर मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत ते राहायला गेले. तीच आज बापू कुटी म्हणून लोक बघतात. या सगळ्या हलवाहलवीत लिहिणं चालूच राहिलं, आणि त्यासाठी कागद कुठला, तर आलेल्या पत्रांची पाकिटं उलगडून त्यांची कोरी बाजू. देशभरातून आलेली टपाल-पाकिटं त्यांच्यासाठी वहीच होती.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्याच हस्ते उघडलं. केळझरहून वर्ध्याला कामानिमित्त जाणं होतंच. पोरांना घेऊन तासभर तिथं थांबायला हरकत नाही.

आधी नवं घर कागदावर नाही, खरड्यावर बांधा

बांधकामाच्या काळातलं सगळ्यात कामाचं कागदकाम कोणतं, तर नव्या घराचं मॉडेल. याला खेळ समजू नका. पाया खोदल्यावर खिडकी सरकवायची म्हटली की मिस्त्री कपाळाला हात लावतो आणि पैसे वाढतात. मॉडेलमध्ये खिडकी सरकवायला कात्री लागते, बस.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) निकषात घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. सपाट भागासाठी योजनेची मूळ मदत १ लाख २० हजार रुपये, आणि ती बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्यानं येते. एवढ्या पैशात आणि एवढ्या जागेत चुकीला वाव नाही.

समजा बाहेरून घर २० फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद धरलं. एक फूट बरोबर दोन सेंटिमीटर असं माप ठरवा. मग मॉडेलचा तळ ४० सेंटिमीटर लांब आणि २७ सेंटिमीटर रुंद होतो. दोन फुटी टाइलच्या खोक्याच्या एका बाजूत सहज बसतो. भिंत ९ इंची असेल तर ती मॉडेलमध्ये दीड सेंटिमीटर जाडीची दाखवा, खरड्याच्या तीन-चार पट्ट्या एकावर एक चिकटवून. इथंच पहिला धक्का बसतो. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून दीड फूट खातात. म्हणजे बाहेरून २० बाय साडेतेरा दिसणारं घर आतून साडेअठरा बाय १२ चंच उरतं, आणि मधली भिंत अजून धरलेलीच नाही.

आता चौकटीच्या वहीच्या कागदातून सामान कापा, त्याच मापानं. सहा बाय चार फुटांचा पलंग म्हणजे १२ बाय ८ सेंटिमीटर. तीन फुटी लोखंडी कपाट ६ सेंटिमीटर. गॅसचा ओटा, देव्हारा, धान्याच्या कोठ्या, शिलाई मशीन. आणि दोन गोष्टी आपल्या भागात हमखास विसरल्या जातात. एक कूलर. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तो लागणारच, मग त्याची खिडकी कोणत्या भिंतीला आणि पाण्याचा पाइप कुठून, हे आताच ठरवा. दुसरा कापूस. भाव चढेपर्यंत तो घरातच गंजी लावून ठेवायचा असेल तर ती जागा चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब हवी. कागदाचे तुकडे मॉडेलमध्ये सरकवून बघा; चार डाव मांडले की घर आपोआप बोलायला लागतं.

या कामाला घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना बसवा. नकाशा बहुतेक वेळा मिस्त्री आणि घरचा कर्ता पुरुष उभ्या उभ्या ठरवतात. ओट्यासमोर उजेड कुठून येणार, न्हाणीचं दार कुणाच्या तोंडासमोर उघडणार, सासऱ्यांना रात्री किती पायऱ्या उतराव्या लागणार, हे त्या घरात चोवीस तास राहणारीलाच कळतं. सातवी-आठवीचं पोरगं असेल तर मोजमाप त्याच्याकडे द्या. प्रमाण आणि क्षेत्रफळ पुस्तकात आहेच. तयार मॉडेलचे वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढून मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर पाठवा. पाया आखताना मॉडेल जागेवर घेऊन जा.

खरडा कापण्याआधी एवढं बघा

खोक्याच्या खरड्यात दोन कागदांच्या मध्ये नागमोडी पन्हाळी असते. पन्हाळी उभी ठेवली तर तो वजन पेलतो, आडवी ठेवली तर दबतो. म्हणून भिंत, पेटी, फडताळ करताना पन्हाळी उभीच ठेवायची. साध्या कागदालाही अशीच दिशा असते. वर्तमानपत्र एका बाजूनं फाडलं तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या बाजूनं वाकडंतिकडं फाटतं. सरळ फाटतं त्या दिशेला कागदाचे तंतू असतात, आणि त्याच दिशेनं घडी स्वच्छ पडते. कंदिलाची घडी फुटते, पंखा वाकडा होतो, त्यामागं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

सिमेंटच्या आणि पुट्टीच्या रिकाम्या पिशव्या मात्र पोरांच्या हाती देऊ नका. त्यांतली भुकटी ओल्या हाताला आणि डोळ्यांना जाळते, श्वासातही जाते. धुतलेली पिशवीसुद्धा नको.

आजीची टोपली

भांडी गुंडाळून आणलेली रद्दी नव्या जागी पोचल्यावर चुलीत घालू नका. तिच्यापासून लगद्याची टोपली होते, आणि ही कला अजून पुष्कळ घरांत म्हाताऱ्या बायकांच्या हातात आहे.

रद्दीचे बारीक तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजू द्यायचे, रोज पाणी बदलायचं. मेथीदाणे रात्रभर वेगळे भिजवून पाट्यावर वाटायचे. मेथी भिजली की बुळबुळीत चिकटा सुटतो. तोच इथं डिंकाचं काम करतो, आणि कडू असल्यानं कीडही लवकर लागत नाही असा बायकांचा अनुभव. कागद पिळून, उखळात कुटून त्यात वाटलेली मेथी कालवायची. मेथी किती, हा अंदाज ज्याच्या त्याच्या हाताचा. गोळा हातात धरला तर फुटू नये, एवढं बघायचं. मग घमेलं किंवा पातेलं पालथं घालून त्यावर जुनं ओलं फडकं पसरायचं आणि लगदा अर्धा बोट जाडीनं सारखा थापायचा. पहिला दिवस सावलीत, नंतर उन्हात. सुरुवातीलाच कडक उन्हात ठेवलं तर तडे जातात. वैशाखात चार-पाच दिवसांत खडखडीत वाळते. काढून घेऊन आतून-बाहेरून खळीनं कागद लावला की झाली.

पावसाळ्यात हे काम काढू नका. वाळत नाही, बुरशी येते.

टोपलीत लसूण, सुतळी, शिवणाचं सामान, कोरड्या वस्तू ठेवाव्यात. भाकरी किंवा भजी सरळ ठेवू नयेत. वर्तमानपत्राच्या शाईतले घटक अन्नात उतरतात म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०१६ मध्येच छापील कागदात अन्न बांधू नका असं सांगितलं आहे. गरम आणि तेलकट पदार्थांना हे जास्त लागू.

जे केलेलं आहे ते वाचवा

रुखवताच्या वस्तू, कंदील, पोरांची चित्रं पहिल्या चुंगडीत कोंबायची नसतात. टाइलच्या चपट्या खोक्यात कागदाचा थर, वस्तू, पुन्हा थर असं भरून खोकं दोरीनं बांधा आणि शेडच्या आडव्या बल्लीला टांगा. जमिनीवर ठेवायचंच असेल तर खाली चार विटा. उधई, म्हणजे वाळवी, मातीतूनच चढते. पाडलेल्या घराजवळ ती हमखास असते. उंदरांना खळीचा वास आवडतो, म्हणून खळीनं केलेल्या वस्तू धान्याजवळ नकोत. जी वस्तू टिकणारच नाही तिचा फोटो काढून ठेवा, पोरांना विचारून.

याच वेळी दोन खरड्यांचा जाड फोल्डर करा: मध्ये कापडाची पट्टी चिकटवून बिजागरी, आत जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचे खिसे. त्यात आधार, बँक पासबुक, ग्रामपंचायतीचा नमुना ८, सातबारा, घरकुलाची कागदपत्रं, पोरांचे दाखले. फोल्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात. बांधकाम चालू असताना हप्त्यासाठी कागद मागतात तेव्हा नेमकी तीच पेटी सगळ्यात खाली असते, हे ज्यानं भोगलं त्याला सांगायला नको.

रोजच्या कामाला एक वेगळा डबा बाहेर राहू द्या. कात्री, पट्टी, पेन्सिल, सुई-दोरा, फेविकॉलची छोटी बाटली, पतंगी कागदाचे दोन-चार ताव. एवढ्यात अर्धा तास पोरं गुंततात. कल्पना संपल्या तर मोबाईलवर अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ बघा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी शिकवली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदाच्या टोप्या, उडणारे मासे, काड्यांचे आकार, असं पुष्कळ तिथं फुकट आहे, मराठी पुस्तकांसकट.

पोळा आणि दिवाळी शेडमध्येच आली तर

येतेच बहुतेक वेळा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी माळ्यावरच्या पेटीत अडकला असेल तर खरड्याचा करा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आपल्याच तालुक्यातला, तिथले मोठाले नंदी पाहिलेली पोरं आकार बरोबर काढतात. अंगाचे दोन सारखे तुकडे, मध्ये खरड्याच्या पट्ट्यांनी जाडी, वशिंडाला लगद्याचा गोळा, बाटलीच्या झाकणांची चाकं, पतंगी कागदाची झूल. बोजारा मागायला असा नंदी नेला तर कुणी कमी देत नाही.

दिवाळीच्या कंदिलाला कामट्या नसतील तरी चालतं. जाड रंगीत कागद लांबीत दुमडा, दुमडीकडून बोटभर अंतरानं काप द्या, पण दुसऱ्या कडेच्या दोन बोटं अलीकडे थांबा. उलगडून गोल जोडला की मधून फुगीर कंदील होतो. आत पणती किंवा मेणबत्ती नाही, फक्त छोटा एलईडी दिवा. टिनाच्या शेडमध्ये तात्पुरती वायर असते आणि बाजूला कापूस, सरपण. वायरचा जोड कागदाला टेकता कामा नये.

नव्या घरात गेल्यावर कंदील, तोरणं चिकटवायची घाई नको. ताज्या प्लास्टरमध्ये बरेच दिवस ओल असते. कागद सुटतो, डाग पडतो. पहिला पावसाळा खिळ्याला दोरीनं टांगून काढा.