घोडदौडीचा ताल आणि दुखरे मनगट

"डॉक्टर, पेन धरला तरी अंगठ्याच्या मुळाशी कळ येते." कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा उजवे मनगट दाखवत होता. परीक्षा दीड महिन्यावर आलेली. मी मलम आणि पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवसांनी तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच दिले. तिसऱ्या खेपेला पोटात जळजळ होते म्हणून आला. त्याच गोळ्या दुकानातून परस्पर आणून तो रोज घेत होता. तेव्हा कुठे मी विचारले, "अरे, या हाताने तू करतोस तरी काय?"

"हेवी मेटल गिटार वाजवतो. गॅलप शिकतोय. गोळी घेतली की तासभर जास्त वाजवता येतं."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याला गिटार घेऊनच बोलावले.

गॅलप म्हणजे घोड्याची दौड. एका मात्रेचे चार भाग करायचे. पहिला आघात दोन भागांचा, पुढचे दोन एकेका भागाचे. चिमटीत प्लास्टिकचे प्लेक्ट्रम धरून जाड तारेवर खाली, खाली, वर असे आघात करायचे आणि तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून नाद दाबायचा. घोड्याच्या टापांचा भास होतो. लंडनमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या आयर्न मेडन या बँडची हा ताल म्हणजे ओळखच. त्यांचे १९८३ चे 'द ट्रूपर' हे गाणे तर १८५४ साली क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश घोडदळाने केलेल्या हल्ल्यावरच आहे.

आता हिशेब पाहा. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली, तर हाताला सेकंदाला ८ आघात करावे लागतात. दहा मिनिटांत ४,८०० झाले! आमचा मुलगा थेट याच लयीत शिरला होता. प्लेक्ट्रम घट्ट आवळलेले, कोपर ताठ, खांदा वर चढलेला.

अंगठा हलवणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. चिमूट आवळून मनगट सतत हलवले, की तेथे घर्षण होऊन आवरण जाड होते. याला 'डी क्वेर्व्हेन'चा विकार म्हणतात. अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे वाकवल्यावर त्याला तीव्र कळ आली. गोळ्यांनी ही कळ दबली होती आणि इजा वाढत होती.

गोळ्या बंद केल्या, पोटासाठी औषध दिले. तीन आठवडे अंगठ्याला आधारपट्टी आणि गिटार खुंटीला. त्याने सगळे पेपर लिहिले, मधूनमधून हात थांबवत का होईना.

मग नवी सुरुवात केली. मोबाइलवर मेट्रोनोम लावून मिनिटाला ६० मात्रा. पाच मिनिटे वाजवायचे, दोन मिनिटे हात सैल सोडायचा. आघात स्वच्छ आणि हात ढिला राहिला तरच लय पाचने वाढवायची. तबलजी ठाय लयीत बोल पक्का करून मगच दुगुणीत जातो, तसेच हे. "डॉक्टर, घोड्याचं कासव केलंत!" असे म्हणणारा हा मुलगा परवा ११० वर पोहोचला, दुखणे नसताना.

वाचकहो, गिटार असो, तबला असो वा शिवणयंत्र, एवढे लक्षात ठेवा. थकवा विश्रांतीने जातो. कळ आली तर थांबा. बोटांना मुंग्या येत असतील, सूज असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. दुखणे दाबून सराव करण्यासाठी गोळी कधीही घेऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी हाताने काय करता ते आपणहून सांगा.