चाळीस दिवसांचा हिशेब

कॅथलिकांचा ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ: राखेच्या बुधवारपासून. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात. धर्मगुरू अंगठ्याने ती कपाळाला क्रूसासारखी लावतात.

दिवस: ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46. मधले 6 रविवार वगळले की 40.

उपवास वेगळा, मांसवर्जन वेगळे: उपवास सक्तीचा दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वय 18 पूर्ण ते साठावे लागेपर्यंत. एक पूर्ण जेवण, दोनदा थोडेसे खाणे (साबुदाण्याचा इथे संबंध नाही). मांसवर्जन 14 पूर्ण झालेल्यांना. मासळी, अंडी, दूध चालते.

क्रूसाची वाट: 14 स्थाने, येशूविरुद्धच्या पिलाताच्या निकालापासून येशूच्या थडग्यापर्यंत. प्रामुख्याने शुक्रवारी.

बदल: वस्त्रे जांभळी, चौथ्या रविवारी गुलाबीही. ‘आलेलुया’ बंद, तो ईस्टरच्या आदल्या रात्रीच परत ऐकू येतो. गुड फ्रायडेला मिस्सा नसते.

गोवा वेल्हा: पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक. परंपरा फ्रान्सिस्कनांची.

ईस्टर: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, पंचांगातली नव्हे.