हिरवळीवरची शेवभाजी

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि भरदुपारी रस्ते ओस पडतात. तरीही जळगाव असो की धुळे, घरात बाहेर जेवायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो : गार्डन आहे ना?

याचं कारण खान्देशच्या हवेत आहे. तापीच्या खोऱ्यातला उन्हाळा कोरडा. संध्याकाळ झाली की हॉटेलातला माणूस पाइप घेऊन लॉनवर, फरशीवर, कुंड्यांवर पाणी मारायला लागतो. कोरड्या हवेत हे पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना फरशीतली, हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत तेवढंच पाणी मारलं तर चिकचिक वाढेल, गारवा यायचा नाही. वाळ्याच्या कूलरचं शास्त्र हेच आणि अंगणात सडा मारून खाटा टाकणाऱ्या जुन्या माणसांचंही हेच. रात्री आठला घराच्या भिंती दिवसभराची धग बाहेर टाकत असतात. तेव्हा ओल्या हिरवळीवरची खुर्ची एसी हॉलपेक्षा सुखाची वाटते. मुलांना पळायला जागा मिळते, ते वेगळंच.

गार्डनच्या कमानीवर बहुधा ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलेलं असतं. खान्देश काही सगळा शाकाहारी नाही; काळ्या मसाल्याचं मटण इथं तितक्याच हौसेनं रांधलं जातं. पण जळगाव ही डाळीची आणि सोन्याची पेठ. मारवाडी, गुजराती, जैन घरं इथं पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. जवळच संत मुक्ताईंचं मुक्ताईनगर, त्यामुळे माळकऱ्यांची घरंही पुष्कळ. लग्न ठरल्याचं जेवण असो की दुकानातल्या लोकांची पार्टी, पंधरा माणसांत दोघे-तिघे जरी कांदा-लसूण न खाणारे किंवा माळ घातलेले निघाले, तरी सगळ्यांची पंगत शाकाहारी ठिकाणीच बसते. सासू-सुनांनी, आजीबाईंनी निर्धास्त बसावं अशी ‘फॅमिली’ जागा म्हणूनही ही पाटी वाचली जाते. धुळ्याला रस्त्यांचीही साथ आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथं एकमेकांना छेदतात. दूरच्या प्रवाशाला ओळखीचं काही ताटात मिळालं पाहिजे, हे इथल्या हॉटेलवाल्यांना फार आधी कळलं.

मेनूकार्ड ‘मल्टिक्युझिन’ झालं ते या गरजेतून. त्यातल्या एकेका पानामागे एकेका शहराची गोष्ट आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी दिल्लीच्या दर्यागंजात ‘मोती महल’ थाटलं आणि तंदूर देशभर पोचला; तिथल्या मखनी रश्श्यात कोंबडीच्या जागी पनीर पडलं, की झालं आपलं पनीर बटर मसाला. मंचुरियनचा जन्म मुंबईचा. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. शाकाहारी हॉटेलांनी त्यात फ्लॉवर आणि कोबी आणला.

इतके पदार्थ एका भटारखान्यातून निघतात कसे? टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि कांद्याची पिवळी अशा ग्रेव्ह्या आधीच शिजवून ठेवलेल्या असतात. ऑर्डर आली की कढईत दोन डाव ग्रेव्ही, वर पनीर किंवा भाज्या, मसाल्याचा फरक, शेवटी साय. पनीरची वीस नावं अशी तयार होतात. यात फसवणूक काही नाही, गर्दीच्या रात्री वेळेवर वाढण्याची ती रीत आहे. पण चव एकमेकींच्या जवळ जाते, हेही खरं.

शेवभाजीला मात्र ही सोय चालत नाही. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटायचं, काळ्या मसाल्यासकट तेल सुटेपर्यंत परतायचं. वर लालभडक तर्री आली की रस्सा जमला. शेव जाड आणि तिखट हवी, आणि ती पडते अगदी शेवटी. बेसनाची शेव रस्सा भराभर पिते. दहा मिनिटं उशीर झाला की ताटलीत पिठलं. म्हणून जाणता वाढपी शेव वेगळ्या वाटीत आणून ठेवतो. अर्धी कुरकुरीत, अर्धी भिजलेली अशी शेव भाकरीच्या तुकड्यावर घेतली, की शेजारचं मंचुरियन निवत पडतं.

ही शेवभाजी पुष्कळ कार्डांत अजून शेवटच्या पानावर असते. ती पहिल्या पानावर यायला हवी. तिच्यासोबत कळण्याची भाकरी हवी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. वरण-बट्टी हवी. राजस्थानी बाटी गोवऱ्यांवर भाजतात. खान्देशी बट्टी आधी वाफवतात, मग कापून तळतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खाल्ले जाणारे खापरावरचे मांडे हॉटेलात क्वचितच दिसतात. पुरणाची पोळी हातांवर झेलत झेलत थाळ्याएवढी करून पालथ्या खापरावर टाकणारे हात पगारी आचाऱ्यांत सहज सापडत नाहीत.

आणि भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही. हे वांगं फिकट हिरवं, मोठं, गरानं भरलेलं आणि बियांना कमी. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला भरिताचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून थंडीभर शेताशेतांत भरीत पार्ट्या चालतात. वांगी गॅसवर नाही, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची. मग साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर लेवा पाटीदारांच्या घरी लागते तशी पुरी.

काही गार्डन हॉटेलं डिसेंबरात लॉनच्या कडेला हाच जाळ पेटवतात. तेवढे दोन-अडीच महिने कमानीतून आत शिरताना आधी धुराचा वास येतो आणि मागवलेलं कार्ड टेबलावर तसंच मिटलेलं राहतं.