चेहरा मात्र तोच राहू दे

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मिरग लागला की घरातल्या मिठालाही पाणी सुटतं. त्याच हवेत, माजघराच्या दारावर, चुलीच्या धुरात आणि कौलांतून झिरपणाऱ्या ओलीत आपल्या आजे-पणज्यांच्या तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या आहेत. जुन्या फोटोतली प्रतिमा जिलेटिनच्या पातळ थरात असते, आणि जिलेटिन काढतात जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की त्यावर बुरशी धरते. कागद वाळवी आणि कसर खाते. फुगलेला थर समोरच्या काचेला चिकटतो. हवेतल्या गंधकामुळे आणि स्टुडिओत नीट न धुतल्या गेलेल्या हायपो या रसायनामुळे फोटो पिवळा पडतो, कडांना आरशासारखी चंदेरी झाक येते.

आपल्या मुलखाचं फोटोग्राफीशी नातं जुनं आहे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर नावाजलेले फोटोग्राफर होते. हे कुटुंब तेरेखोलपलीकडच्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचं. सामान्य घरात मात्र फोटो आला तो चाकरमान्याबरोबर. गिरणीत किंवा पेढीवर नोकरी लागली की गिरगाव-परळच्या स्टुडिओत जाऊन कोट घालून फोटो काढायचा आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या बोटीने गावी धाडायचा. कित्येक घरांत त्या माणसाचा तेवढा एकच फोटो आहे. निगेटिव्ह स्टुडिओबरोबर गेली. म्हणून अशा फोटोवर थेट हात चालवण्याआधी त्याचा स्कॅन व्हायला हवा.

स्कॅन कसा, हेही महत्त्वाचं. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करावा, किमान 600 डीपीआयवर, आणि टिफ फाइलमध्ये ठेवावा. त्यामागे कारण आहे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन पदर असतात. पिवळा डाग निळ्या पदरात ठळक उमटतो आणि लाल पदरात जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणजे नुसता लाल पदर घेतला तरी निम्मी साफसफाई आपोआप होते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. ओढला तर चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट स्कॅन करावा.

रंगीत फोटोंचं दुखणं वेगळं. 1970च्या आसपासचे लग्नाचे, मुंजीचे फोटो आज तांबूस दिसतात. त्या काळच्या अनेक कागदांवर सायन, म्हणजे निळसर-हिरवा रंग सर्वांत कच्चा होता. बंद पेटीतही तो विरत गेला आणि मागे लाली उरली. पण विरला म्हणजे पूर्ण गेला असं नव्हे. स्कॅनच्या लाल पदरात त्याचा फिकट ठसा असतो. तो पदर फोटो-सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्सने ताणला की माडांची हिरवाई, शालूची निळाई परत दिसू लागते. ही खरी पुनर्प्राप्ती, कारण जे कागदावर आहे तेच वर येतं. उन्हाच्या तिरिपेत वर्षानुवर्षं राहिलेल्या फोटोत मात्र काही भाग कोरा होतो. तिथे माहितीच उरलेली नसते, आणि तिथूनच अंदाज सुरू होतो.

हा अंदाज आता यंत्र करतं. 2018 मध्ये आलेला डीओल्डिफाय हा संगणकी प्रोग्राम काळ्यापांढऱ्यात रंग भरतो, 2021चा जीएफपीगॅन धूसर चेहरा रेखीव करतो. मोबाइलवर बोट लावताच फोटो चकचकीत होतो, आणि घरची मंडळी हरखतात. मला याची धास्ती वाटते. हे यंत्र हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं. जिथे पुसट दिसतं तिथे ते शिकलेलं नाक, शिकलेले डोळे बसवतं. नथीचे मोती गालात विरघळतात, कपाळावरची आडवी चिरी डाग समजून पुसली जाते, देवीचे व्रण गुळगुळीत होतात. पणजीच्या जागी कुणी दुसरीच सुंदर बाई बसते, आणि पुढच्या पिढीला तीच पणजी वाटते. ओरखडे, घड्या, बुरशीचे ठिपके यंत्राने खुशाल भरावेत. चेहऱ्यावर मात्र माणसाचा हात हवा, आणि शेजारी त्या व्यक्तीला पाहिलेलं कुणीतरी हवं. नऊवारीचा रंग कोणता, हे सांगणारी आत्या अजून असेल तर यंत्राला विचारायचं कशाला? आणि जुन्या स्टुडिओवाल्याने फोटोवर कुंचल्याने चढवलेले गुलाबी गाल, सोनेरी दागिने तसेच ठेवावेत. तीही त्या काळाची कारागिरी आहे.

पण दुरुस्तीची वेळ येण्याआधी फोटो वाचवायला हवेत. मे 2021च्या तौक्ते वादळात मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर छपरं उडाली, भिजलेल्या सामानात अल्बमही होते. अशाच प्रसंगी, जपानमध्ये 2011च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलातून लाखो फोटो वेचले, धुतले, वाळवले, स्कॅन केले आणि यामामोतोसारख्या गावांत लोकांना परत मिळवून दिले. पुसट झालेल्या प्रत्येक फोटोवर कोरीव काम करत बसण्यापेक्षा आधी सगळे वाचवणं, हा त्यांचा क्रम आपणही घ्यावा. भिजलेले फोटो एकावर एक ठेवू नयेत, स्वच्छ थंड पाण्यातून काढून चेहरा वर करून सावलीत पसरावेत. एक-दोन दिवसांत वाळवणं जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते. 1980च्या काळातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो तर आजच बाहेर काढायला हवेत. तो गोंद आणि वरचं प्लास्टिक दोन्ही फोटोला खातात.

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतातच. या वेळी पुसून परत टांगण्याआधी त्यांचा स्कॅन करून घ्या, मूळ स्कॅनला हात न लावता दोन ठिकाणी ठेवा, आणि फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने नावं, गाव, साल लिहा. नावं सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच हे करा.